वाळूवरचं दुहेरी छत

"मी," ती म्हणाली. "दुहेरी कापड मी ठरवलं."

असं ती म्हणाली नाही.

म्हणायला तिला भरपूर वेळ होता. प्रश्न सरळ होता. खोलीत पंखा फिरत होता, टेबलावर चहाचे कप होते, आणि विचारणाऱ्या बाईंच्या आवाजात राग नव्हता. नुसतं कुतूहल होतं. एखादी बाई दुसरीला विचारते ना, हा पडदा कुठून घेतलास गं, तेवढंच.

•

जे ती म्हणाली, ते असं:

"छत आमचे मामा शिवतात. कापडाचं त्यांनाच जास्त कळतं."

यातला शब्द न् शब्द खरा. छत मामाच शिवतात. मामा तिचे सख्खे, आईचे थोरले भाऊ. जन्मभर त्यांनी ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या, दुकानांपुढची छतं शिवली, होड्यांची शिडं शिवली. कापडाचं त्यांना जास्त कळतं, हेही खरं. दोन खरी वाक्यं तिने एकापुढे एक ठेवली आणि प्रश्न तिच्या अंगावरून घसरत मामांच्या अंगावर जाऊन पडला.

मामा खोलीत नव्हते. खाली किनाऱ्यावर, कासवांची अंडी उबवायच्या जागेत, म्हणजे ती सांभाळते त्या हॅचरीच्या कुंपणात, छताचे दोर ताणत होते. खिडकीतून दिसत होते. एक पाय खांबाला लावून, सगळं अंग मागे टाकून.

•

हा प्रश्न आला कुठून?

बाटल्यांमधून आला. हॅचरीच्या मागच्या खोलीत फळीवर स्पिरिटच्या बाटल्या आहेत. घरटं फुटून पिल्लं समुद्राकडे गेली की मागे वाळू उकरून बघायची असते. काही पिल्लं अंड्यातच राहिलेली असतात, काही वर येता येता दमलेली. ती टाकून द्यायची नाहीत, बाटलीत ठेवायची, ही तिचीच शिस्त. दुहेरी छत आल्यापासूनच्या पाच हंगामांच्या बाटल्या होत्या.

कासवाचं पिल्लू नर की मादी, हे बाहेरून कळत नाही. मोठं व्हायला वीस-वीस वर्षं लागतात, तेव्हा कुठे शेपूट लांब निघाली तर नर म्हणायचं. लगेच जाणून घ्यायचं तर मेलेलं पिल्लू उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. इतकी वर्षं ते कुणी केलं नव्हतं. तपासणीला आलेल्या संशोधक बाईंनी केलं. आठवडाभर त्या मागच्या खोलीत बसल्या. नाकाला रुमाल, हातात बारीक चिमटा. आणि मग संचालकांच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "एकही मादी नाही."

"एकही म्हणजे?" संचालकांनी विचारलं.

"एकही म्हणजे एकही. सगळे नर. तुमची वाळू गार आहे. किती गार ते मी मोजलं. छत दुहेरी आहे. दुहेरी कापड कुणी ठरवलं?"

•

खरं तर हे सांगायला बाटल्यांची गरज नव्हती. तिलाच माहीत होतं.

शाळेची मुलं हॅचरी बघायला आली की ती रोज तेच सांगायची. आईच्या पोटात ठरत नाही, बाळांनो, वाळूत ठरतं. उबेत मुली, गारव्यात मुलगे. मुली "हेऽऽ" करून ओरडायच्या, मुलगे म्हणायचे, "म्हणजे आम्ही कूल!" सगळे हसायचे. तीही हसायची. छताखाली उभी राहून. दुहेरी छताखाली, अंगावर गार सावली घेऊन.

•

मग दुहेरी का?

एक हंगाम असा गेला की वाळू भाजून निघाली. तेव्हा वर एकच कापड होतं. घरटी फुटायची वेळ आली, टळून गेली, वर काहीच येईना. तिने उकरलं. हात कोपरापर्यंत आत गेला आणि वास आला. त्या वासाबद्दल ती कुणाशी बोललेली नाही. पूर्ण तयार झालेली पिल्लं होती, पाठीवर खवल्यांच्या रेघा उमटलेली, चोच आलेली. चोचीचंच तर हे कासव. त्याच्या पाठीच्या खवल्यांचे कंगवे आणि चष्म्याच्या काड्या करून माणसांनी त्याला संपवत आणलेलं. आणि जी उरली होती त्यांची अंडी तिने स्वतःच्या हातांनी उचलून, जपून, भट्टीत नेऊन ठेवली होती.

पुढच्या हंगामाआधी तिने स्वतः कापड आणलं. जाड, गडद हिरवं. मामांच्या मशीनवर टाकलं. आणि तापमापकाला भोंगा बसवून घेतला. वाळू अमुकच्या वर तापली की तो वाजायचा.

खालच्या बाजूला भोंगा नव्हता. गारव्याची भीती कुणाला होती?

तिला कारणही मिळालं होतं, अगदी शास्त्रातलं. या जातीची मादी उघड्या वाळूत अंडी घालत नाही. वर सरपटत जाते, झुडपांच्या सावलीत खड्डा करते. म्हणजे सावली तिलाच हवी असते. बरोबर आहे. पण झुडपाच्या सावलीला भोकं असतात. ऊन सरकतं तसे कवडसे सरकतात. दुहेरी कापडाला भोक नव्हतं.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक घरटं फुटलं. पिल्लं भराभरा निघाली. संचालकांनी फोटो काढले. दुसऱ्या किनाऱ्यांवरून माणसं छत बघायला आली. आकडा एवढा सुंदर होता की त्याच्या पोटात काय आहे हे बघावंसं तिला वाटलं नाही. वाटलं, बघू पुढच्या वर्षी. अंशभराने काय होतंय.

•

कुंपणावरची पाटी. हस्ताक्षर तिचं.

आत येणाऱ्यांसाठी
चप्पल बाहेर काढा.
वाळूवर फळीवरूनच चाला.
अंडं उचलताना जशी होती तशीच बाजू वर ठेवा. पिल्लू आतून वरच्या बाजूला चिकटलेलं असतं. अंडं फिरलं तर ते मरतं. बाहेरून काहीच दिसत नाही. अंडं तसंच गोल, तसंच पांढरं.
शंका असेल तर ताईंना विचारा.

•

"म्हणजे," संचालक म्हणाले, "इतका नाजूक निर्णय आपण शिंप्याच्या हातात दिला होता."

तिने चहाचा कप उचलला.

"त्यांना दोष देत नाही मी. भला माणूस आहे. फुकट राबतो. पण प्रशिक्षण नाही ना. आजपासून बाहेरचं कुणी कुंपणाच्या आत नको. छत उतरवा. ताई, तुम्हीच सांगा त्यांना. तुमचेच मामा आहेत, तुमच्याकडून ऐकलेलं बरं वाटेल."

संशोधक बाई चहात बघत होत्या. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने खिडकीकडे बघितलं.

•

मामा किल्ली गळ्यात घालायचे. शिडाला वापरतात त्या मेणाच्या दोऱ्यात ओवलेली. मामी गेल्यापासून त्यांची रोजची सकाळ या कुलपापासून सुरू व्हायची.

"किल्ली दे, मामा."

"का, तुझी हरवलीस? लहानपणी दप्तर हरवायचीस, आता कासवं हरवशील."

"साहेब म्हणालेत, बाहेरच्यांनी आत यायचं नाही."

"बरोबर आहे. परवा एक जण बूट घालून आत आला होता. मी असा हाणला असता ना."

"मामा. बाहेरच्यांनी म्हणजे..."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग छताकडे. मग परत तिच्याकडे.

"अच्छा," ते म्हणाले. "मी."

दोरा डोक्यावरून काढताना कानाला अडकला. तिने सोडवायला हात पुढे केला, तर त्यांनी नको म्हटलं.

"झालं काय पण?"

तिने सांगितलं. बाटल्या, नर, गार वाळू. मामा ऐकत होते. ऐकताना एका खांबाची गाठ उगाच सोडत होते, बांधत होते.

"सगळे मुलगेच?"

"हो."

"आमच्या घरासारखं," ते म्हणाले आणि हसले. मामांना चार मुलगे. चारही लांब. फोन येतो, चेंडू टाकावा तसा, एक टप्पा पडून परत. "आणि हे छतामुळे झालं? मी शिवलेल्या?"

आता. आता म्हणायचं होतं. इथे संचालक नव्हते, चहा नव्हता, कुणी नव्हतं.

"कापड जरा जाड झालं," ती म्हणाली.

हेही खरंच.

मामांनी मान हलवली. थोड्या वेळाने विचारलं, "पण मला एक सांग. तू म्हणाली होतीस, मादी मोठी झाली की ज्या किनाऱ्यावर जन्मली तिथेच परत येते."

"हो."

"आणि नर?"

"नर नाही येत. एकदा पाण्यात गेला की तो पुन्हा वाळूवर पाय ठेवत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"म्हणजे ही आपली एवढी सगळी," मामा म्हणाले आणि हाताने समुद्राकडे नुसतं दाखवलं. पुढचं बोलले नाहीत. दर हंगामात एखादी मादी वर चढून आली की ते तिच्याकडे बघत म्हणायचे, ही आपली नव्हे, आपल्या अजून लहान आहेत. आपल्या येतील तेव्हा छत नवं पाहिजे. ती चिडवायची, तोवर तू असशील का रे? ते म्हणायचे, तू असशील ना, बघ आणि मला मोठ्याने सांग, वर ऐकू येईल.

"छत उतरवून मी घरी नेऊ का?" त्यांनी विचारलं. "साहेबांना विचार. माझंच काम आहे, मलाच उसवू दे."

•

फोन. आई.

"काय केलंयस तू माझ्या भावाला?"

"मी काय केलं?"

"दोन दिवस नीट जेवला नाही. घरभर ते हिरवं धूड पसरून बसलाय, पाय ठेवायला जागा नाही. विचारलं तर म्हणतो, मी पोरी घालवल्या. कुणाच्या पोरी? मला मेलीला काही कळेना. शेवटी कळलं, कासवांच्या! अगं, माणसांनी काय कासवांसाठी जीव द्यायचा? ... ऐकतेयस ना? ... तू शिकलेली आहेस, तुझ्या लक्षात कसं नाही आलं? तो बिचारा शिंपी. त्याला काय ठाऊक अंशबिंश?"

"हो."

"हो काय?"

"हो, आई."

"ये आणि समजव त्याला. तुझं ऐकतो तो. मूर्ख आहे, तुझंच ऐकतो."

•

मामांच्या खोलीत दुपारी ऊन भिंतीपर्यंत येतं. मशीन खिडकीशी. जमिनीवर छत, दोन थरांचं, घडी न घालता येण्यासारखं. मामा मध्ये मांडी घालून, नाकावर चष्मा, हातात उसवणी. टाका उचलायचा, तोडायचा, पुढचा. बाजूला हिरव्या दोऱ्याच्या तुकड्यांचा ढीग.

"आलीस? बस. पितळी कड्यांवर बसू नको, टोचतील."

ती बसली.

"बघ, मी विचार केला. एकेरी ठेवू. वरचा थर वेगळा करतो, बाजूला गुंडाळून ठेवता येईल असा. फारच तापलं तर उलगडायचा, नाहीतर नाही. त्या बाईंना विचार, चालेल का. मला आत नको येऊ देत. मी इथून शिवून देतो, तुझी माणसं बांधतील. गाठी नीट बांधा म्हणावं."

"मामा, दुहेरी तू ठरवलं नव्हतंस."

"आं?"

"दुहेरी मी सांगितलं होतं."

मामा हसले. उसवणी चालूच. "असू दे गं. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"नाही. खरंच मी."

"तू लहान आहेस अजून. तुला काय कापडातलं कळतं? एकेरी वाऱ्यावर फाटतं, हे मीच तुला म्हणालो असणार. मीच म्हणालो. मला आठवतं ना. परवापासून तेच आठवतोय मी."

त्यांनी सगळं जागच्या जागी बसवलं होतं. संचालकांच्या खोलीतलं तिचं ते वाक्य कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवलं असणार, आणि तिने म्हटलंय म्हणजे तसंच असेल, असं धरून त्यांनी स्वतःची आठवण उसवून नव्याने शिवली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. टाका सरळ होता.

"मामा, हिरवं कापड कुणी आणलं?"

"मीच. बाजारातून."

"छताला तू पांढरंच वापरतोस. जन्मभर. हिरव्यावर टाका दिसत नाही म्हणून तू हात लावत नाहीस."

उसवणी थांबली.

"मी आणलं. रिक्षातून. तू दारात उभा राहून म्हणालास, हे काय, रेल्वेच्या डब्याला घालायचंय का? मी म्हटलं, दोन थर शीव. तू म्हणालास, मशीन ओरडेल. आणि सुया मोडल्या. एक मोडली, मग दुसरी. तू शिव्या घातल्यास."

"मशीनला?"

"मला."

मामा मशीनकडे बघत राहिले. सुयांची डबी तिथेच होती. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. दुःखाने नाही, रागानेही नाही. वाट चुकलेला माणूस ओळखीचं दुकान दिसल्यावर थांबतो, तसा.

"जाड सुई आणायला तूच पळालीस," ते म्हणाले.

"हो."

"परत आलीस तेव्हा भिजल्यासारखी घामाने."

"हो."

"आणि म्हणालीस, मामा, यंदा एक पण मरायला नको."

तिने हिरव्या दोऱ्याचा एक तुकडा उचलला.

त्यांनी उसवणी खाली ठेवली. चष्मा काढला. "मग तिथे का नाही बोललीस?"

तिच्याकडे उत्तरं होती. भीती वाटली. नोकरी. जीभ वळली नाही. वाक्य तोंडातून निघून गेलं. पण एकही उत्तर मामांपुढे ठेवण्यासारखं नव्हतं.

"मला फटकन म्हणायचंस," मामा म्हणाले. "म्हणायचंस, मामा, मी तुझं नाव घेतलंय, जरा सांभाळून घे. मी घेतलं असतं सांभाळून. मला काय, माझी कोण नोकरी आहे? पण तू मलाच खरं वाटायला लावलंस." हे ते ओरडून म्हणाले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "दोन दिवस मी इथे बसून... जाऊ दे. पाणी घे. माठ तिकडे आहे."

तिने पाणी घेतलं नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. चष्मा लावला, पुढचा टाका तोडला.

"मी उद्या सांगते त्यांना."

"ते तू बघ," मामा म्हणाले. "मला विचारू नको."

•

"मी," ती म्हणाली. "दुहेरी कापड मी ठरवलं."

आता म्हणाली. तीच खोली, तोच पंखा. संशोधक बाईंची बॅग दाराशी बांधून ठेवलेली. संचालकांचा कप अर्ध्यावर थांबला.

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"मी म्हटलं ते खोटं नव्हतं. पण उत्तर ते नव्हतं. कापड मी आणलं, दोन थर मी सांगितले. वाळू गार झाली तर काय होतं हे मला ठाऊक होतं, शाळेच्या पोरांना मी रोज तेच सांगते. तापमापक मीच वाचायची. भोंगा फक्त वरच्या बाजूला लावला, तोही मीच. मामांना यातलं काही माहीत नव्हतं."

संचालकांनी कप खाली ठेवला. मग संशोधक बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. तुमचं छत बघून दुसऱ्या दोन किनाऱ्यांनी तसंच बांधलंय. मी त्यांना सांगणार होते, शिलाईवाल्याची चूक, तुम्ही घाबरू नका, तुमच्याकडे शिकलेली माणसं आहेत."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, वाक्य एकाच माणसाच्या अंगावर पडलंय.

तिने किल्ली टेबलावर ठेवली. तिची. मग खिशातून दुसरी काढली, मेणाच्या दोऱ्यातली, ती शेजारी ठेवली. "ही त्यांची. ही त्यांना परत द्या. तुम्ही द्या. मी नको."

संचालकांनी दोन्ही किल्ल्यांकडे बघितलं. पहिली ड्रॉवरमध्ये टाकली.

•

हंगाम सुरू झालाय. पहिली घरटी आत आली आहेत. आता जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे आहे. तिला काढलं नाही. ती कुंपणाच्या बाहेर उभी राहून मुलांना माहिती देते. उबेत मुली, गारव्यात मुलगे. "म्हणजे आम्ही कूल!" मुलगे ओरडतात. ती थांबते, आणि मग सांगते की इथे काही वर्षं फक्त मुलगेच जन्मले, आणि ते का. पाठ केल्यासारखं सांगत नाही, अडखळते. एक मुलगी विचारते, "मग त्यांना बायको कुठून मिळणार?" सगळे हसतात. ती म्हणते, "दुसऱ्या किनाऱ्यावरच्या मिळतील. मिळाल्या तर."

मुलं बसकडे जातात. ती तिथेच.

आत मामा. पांढरं, एकेरी छत. कापडाला त्यांनी जागोजाग बोटाएवढी भोकं ठेवली आहेत, कडा शिवून घेतलेली. वाळूवर उन्हाचे ठिपके पडलेत. मामा तिच्याशी बोलतात, नाही असं नाही. कामापुरतं.

वारा सुटला. कोपऱ्यातला खांब जरा वाकला, कापड फुगलं.

"ए," मामा ओरडले. "तिकडून बाहेरचा दोर धर. आतले दोघे जेवायला गेलेत."

तिने कुंपणावरून हात टाकून दोर धरला.

"ओढ. अजून. हां. सोडू नको मध्येच."

"नाही सोडत."

"तसं तू म्हणतेस," मामा म्हणाले आणि गाठ मारायला वाकले.

तेवढ्यात भोंगा वाजला. आता त्याला दोन आवाज आहेत, एक वाळू तापल्याचा, एक गार झाल्याचा. तिने कान टवकारले. वाऱ्यात कळेना कुठला. तापमापकाचा आकडा बाहेरून दिसत नाही. गुंडाळलेला वरचा थर तिथेच होता, हाताच्या अंतरावर, एक दोरी ओढली की उलगडणारा.

"मामा, कुठला वाजला?"

मामा सावकाश उठले. फळीवरून चालत तापमापकाकडे गेले. चष्मा कपाळावरून खाली ओढला. बराच वेळ बघत राहिले.

ती बाहेरचा दोर धरून उभी होती, वरच्या थराच्या दोरीला हात न लावता.